टिकाऊपणाचे माप

जीन्स या वस्त्राविषयी आपल्याकडे जी चर्चा होते ती बहुधा ते कोणी घालावे आणि कोणी घालू नये एवढ्यापुरतीच असते. महाविद्यालयांच्या सूचनाफलकांपासून शासकीय परिपत्रकांपर्यंत या विजारीची दखल घेतली गेली ती शिस्तीचा, शालीनतेचा किंवा संस्कृतीचा प्रश्न म्हणून. डिसेंबर २०२० मध्ये महाराष्ट्र शासनाने आपल्या कर्मचाऱ्यांना कार्यालयात जीन्स आणि टी-शर्ट घालण्यास मनाई केली व पुढल्या वर्षी जीन्सपुरती ती मनाई मागे घेतली. त्या निमित्ताने बाजूने आणि विरुद्ध पुष्कळ बोलले गेले. मात्र अंगावरची जीन्स किती दिवस टिकते, ती अंगाला नीट का बसत नाही आणि दोन पावसाळ्यांत मांड्यांमध्ये का विरते, हे प्रश्न कोणी गांभीर्याने विचारलेले आमच्या पाहण्यात नाहीत. आम्हांला ते शालीनतेच्या प्रश्नाहून अधिक महत्त्वाचे वाटतात. कारण आज जीन्स ही हौसेची वस्तू राहिलेली नाही. रिक्षाचालक, गवंड्याच्या हाताखालचा मजूर, दुचाकीवरून घरोघर सामान पोचवणारा तरुण, कारखान्यात पाळीवर जाणारी मुलगी, या सर्वांचा तो रोजचा कामाचा कपडा आहे. आणि कामाच्या कपड्याचा पहिला धर्म टिकणे हा आहे.

या धर्माची आठवण करून द्यायची तर जीन्सच्या जन्मकथेकडे वळावे लागते. ही कथा सामान्यतः लेव्हाय स्ट्रॉस या व्यापाऱ्याच्या नावे सांगितली जाते, परंतु तिचा खरा नायक एक शिंपी आहे. अमेरिकेतील नेव्हाडा राज्यात रीनो गावी जेकब डेव्हिस नावाचा शिंपी तंबू, घोड्यांच्या झुली आणि कामकऱ्यांचे कपडे शिवून पोट भरत असे. १८७०च्या सुमारास एका लाकूडतोड्याच्या बायकोने त्याच्याकडे नवऱ्यासाठी लवकर न फाटणारी विजार मागितली. झुलींचे पट्टे पक्के करण्यासाठी वापरायचे रिव्हेट समोरच पडलेले होते. डेव्हिसने तेच विजारीच्या खिशांच्या कोपऱ्यांवर ठोकले. गिऱ्हाइके वाढू लागली तेव्हा त्याने आपल्याला कापड पुरवणाऱ्या स्ट्रॉसला पत्र लिहिले आणि २० मे १८७३ रोजी दोघांना मिळून १,३९,१२१ क्रमांकाचे पेटंट मिळाले. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की ती पहिली विजार निळ्या डेनिमची नव्हतीच, ती पांढुरक्या जाड कॅनव्हासची होती. निळा रंग, मागचा चामडी बिल्ला, खिशांवरची नक्षी हे सारे नंतरचे. आधी होते ते एक विशिष्ट शरीर, त्या शरीराचे काम आणि कपडा नेमका कोठे हार खातो हे जाणणारा एक कारागीर. या तिहींच्या गाठीभेटीतून जीन्स जन्माला आली.

आपला या कथेशी अगदीच संबंध नाही असेही नाही. इंग्रजीत जाड्याभरड्या सुती कापडाला आणि त्याच्या कामकरी पोशाखाला जो ‘डंगरी’ शब्द आहे, त्याचे मूळ मुंबईच्या डोंगरीत असल्याचे सामान्यतः मानले जाते. किल्ल्याबाहेरच्या या वस्तीच्या नावाने विकले जाणारे कापड सतराव्या शतकापासून इंग्रज व्यापाऱ्यांच्या कागदपत्रांत दिसते. डेनिमचे नाव फ्रान्समधल्या नीम शहरावरून आणि जीन्सचे नाव इटलीतल्या जिनोआवरून आले असे म्हणतात. त्या यादीत डोंगरीलाही मानाची जागा आहे. ज्या प्रदेशाने जगाला जाड्याभरड्या कापडासाठी एक शब्द दिला, त्याच प्रदेशात आज जीन्स ‘परकी’ ठरते आणि ती टिकत नाही याची मात्र कोणाला खंत वाटत नाही, हा विरोधाभास नोंदवून पुढे जाऊ.

कपडा निकामी होण्याच्या तऱ्हा मराठीने फार बारकाईने वेगळ्या केल्या आहेत. शिवण सुटली तर कपडा उसवतो. सूत घासून घासून पातळ झाले तर तो विरतो. ताण असह्य झाला तर तो टरकतो. आपल्या आजीला ही तीन क्रियापदे तीन निराळे रोग म्हणून ठाऊक होती आणि प्रत्येकावरचा उपचारही निराळा होता: उसवले तर टाका, विरले तर रफू किंवा आतून अस्तर, टरकले तर ठिगळ. आज आपण सरसकट ‘फाटली’ म्हणून मोकळे होतो. दुकानात गेल्यावर चांगली जीन्स कशी ओळखावी हे आपल्याला कळत नाही याचे एक कारण, आधीची कोणत्या रोगाने गेली हे आपण पाहिलेलेच नसते, हे आहे. म्हणून या तिन्ही क्रियापदांचा एकेक करून विचार करणे आम्हांला आवश्यक वाटते.

उसवणे हा त्यांतला सौम्य रोग. जीन्सच्या पायाची एक तरी लांब शिवण दोन्ही कडा एकमेकींत दुमडून, वरून दोन समांतर ओळींत घातलेली असावी ही जुनी रीत. अशा शिवणीत कापडाची कडा आत झाकली जाते आणि घर्षण तिच्यापर्यंत पोचत नाही. स्वस्त मालात कडा नुसती ओव्हरलॉक करून एकेरी शिवण मारलेली दिसते. दोराही महत्त्वाचा आहे: निव्वळ सुती दोरा घामाने आणि धुण्याने कुजतो, पॉलिएस्टरचा गाभा असलेला दोरा अधिक काळ तग धरतो. खिशांची तोंडे, चेनचा तळ आणि पट्टा अडकवायच्या पट्ट्या या ठिकाणी दाट टाक्यांची आडवी गाठ हवी. हे सारे विजार उलटी करून दोन मिनिटांत तपासता येते. उसवलेली जीन्स मरत नाही. कोपऱ्यावरच्या शिंप्याकडे ती थोडक्या पैशांत बरी होते.

विरणे हा मात्र मुरलेला रोग आहे आणि त्याचे मूळ कापडात आहे. डेनिमची वीण तिरपी असते. ताण्याचा एक धागा बाण्याच्या तीन धाग्यांवरून जातो आणि एकाखालून. ताणा निळीने रंगवलेला, बाणा पांढरा. त्यामुळे बाहेरून कापड निळे आणि आतून पांढुरके दिसते, आणि बाहेरचे घर्षण प्रामुख्याने निळ्या ताण्याला सोसावे लागते. गुडघ्याशी विरलेल्या जीन्समध्ये जे आडवे पांढरे दोरे लोंबतात ते उरलेल्या बाण्याचे. ताणा तेव्हा संपलेला असतो. शिवाय निळीचा रंग धाग्याच्या गाभ्यापर्यंत जात नाही, वरच्या वर्तुळात राहतो. म्हणून जीन्स विटते. या विटण्यातच तिचे सौंदर्य आहे असे रसिक म्हणतात आणि ते खोटे नाही: वापरणाऱ्याच्या चालण्याबसण्याची नोंद कापडावर उमटत जाते.

कापड किती काळ विरणार नाही हे अनेक गोष्टींवर अवलंबून असले तरी त्यांतली पहिली गोष्ट वजन. डेनिमचे वजन चौरस यार्डाला इतके औंस असे मोजतात. जुन्या धाटणीच्या जीन्सचे कापड चौदा औंसांच्या आसपास, म्हणजे चौरस मीटरला सुमारे पावणेपाचशे ग्रॅम असते. आज बाजारात दहा औंसांची, म्हणजे सुमारे तीनशेचाळीस ग्रॅमची आणि त्याहून हलकी जीन्स सर्रास मिळते. हलके कापड वाईट असते असे नव्हे. परंतु ते हलके आहे हे गिऱ्हाइकाला सांगितले जात नाही. तांदळाच्या पोत्यावर वजन असते, वहीच्या वेष्टनावर कागदाचे ग्रॅम असतात, आणि दीडदोन हजारांच्या विजारीवर कापडाचे वजन शोधूनही सापडत नाही. कंबरेचे माप, किंमत, धुण्याच्या खुणा, धाग्याचे प्रमाण हे सारे असते. जी एक संख्या टिकाऊपणाविषयी काही बोलली असती तीच गैरहजर असते.

त्यात भर पडते ती आधीच झिजवून विकण्याच्या प्रथेची. नवी कोरी जीन्स ताठ आणि गडद असते; ती मऊ आणि फिकट होण्यास वर्ष-दोन वर्षे लागतात. ग्राहकाला इतका धीर नाही असे गृहीत धरून कारखाना ते वर्ष स्वतःच उरकून टाकतो. ज्वालामुखीच्या सच्छिद्र दगडांबरोबर विजारी घुसळतात, सूत कुरतडणारी विकरे वापरतात, काचकागदाने मांड्या घासतात, रसायने फवारतात. यांतील प्रत्येक क्रिया कापडाच्या आयुष्यातून काही भाग कापून घेते. म्हणजे ग्राहक पूर्ण किंमत देतो आणि हाती अर्धवट वापरलेला कपडा घेऊन घरी येतो. गुडघ्याला मुद्दाम पाडलेली भोके हे याच तर्काचे शेवटचे टोक. जुन्या पिढीतले लोक त्यांना हसतात तेव्हा आम्ही त्यांच्या बाजूने असतो, परंतु निराळ्या कारणासाठी: अंग दिसते म्हणून नव्हे, तर कोणीही न केलेल्या कष्टांचा तो खोटा दाखला आहे म्हणून.

आणि हा खोटा दाखला कोणाला तरी खऱ्या झिजेने चुकवावा लागला आहे. तुर्कस्तानात जीन्सला विटका रंग आणण्यासाठी दाबाने वाळू मारण्याचे काम चाले. त्या वाळूच्या धुळीने तरुण कामगारांना सिलिकोसिस जडला. खाणकामगारांना अनेक वर्षांनी होणारा फुफ्फुसांचा हा असाध्य रोग त्यांना थोड्याच काळात झाला आणि काहींचे प्राण गेले. २००९ मध्ये तुर्कस्तानने या पद्धतीवर बंदी घातली आणि पुढल्या वर्षी लेव्हायज व एच अँड एम या कंपन्यांनीही ती सोडत असल्याचे जाहीर केले. आपल्या दाराशी म्हणाल तर उल्हासनगर आहे. फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांनी तेथे जो उद्योग उभारला त्याचे कौतुक करावे तितके थोडेच, ‘यू.एस.ए.’ म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन हा विनोद ठाणे-मुंबईच्या दोन पिढ्यांनी ऐकला आहे. परंतु जीन्स धुण्याच्या आणि विटवण्याच्या कारखान्यांचे रंगीत पाणी वालधुनी नदीत जात राहिले, हेही त्याच उद्योगाच्या चरित्राचे एक पान आहे. जो रंग आपण वापरून उडवला असता तो आपल्यासाठी आधीच उडवला जातो आणि नदीत सोडला जातो. यात कोणाची सोय झाली, असा प्रश्न विचारणे आम्हांला अप्रस्तुत वाटत नाही.

आता तिसरे क्रियापद, टरकणे. येथे आपण नीट बसण्याच्या प्रश्नाशी येतो. बसणे आणि टिकणे हे दोन निराळे प्रश्न आहेत असा समज रूढ आहे. पहिला आरशाचा, दुसरा कापडाचा. आमच्या मते तो एकच प्रश्न आहे. जीन्स सर्वाधिक वेळा जाते ती आसनात, जेथे चार शिवणी एकत्र येतात त्याच्या आसपास. आसन खाली लोंबत असेल तर चालताना दोन्ही मांड्यांचे कापड एकमेकांवर घासते आणि विरते. आसन आखूड असेल तर बसताना सगळा ताण त्या चौकात येतो आणि विजार टरकते. मांडीला घट्ट आणि कंबरेला सैल अशी विजार दुचाकीवर पाय टाकताना जाते. गुडघ्याला आवळलेली विजार उकिडवे बसताना जाते, आणि आपल्याकडे आजही पुष्कळ कामे उकिडवे बसून वा मांडी घालूनच होतात. तात्पर्य, जेथे माप चुकते तेथेच कपडा मरतो. उत्तम कापड चुकीच्या मापाला वाचवू शकत नाही.

मग मापे का चुकतात? कारण तयार कपडा एका काल्पनिक शरीरासाठी बेतलेला असतो. चिठ्ठीवर कंबर ३२ लिहिलेली असते आणि फीत लावली तर ती ३४ भरते. ग्राहकाला आपण बारीक आहोत असे वाटावे म्हणून केलेली ही लबाडी आता सर्वत्र आहे. कंबरेखेरीज मांडीचा घेर, आसनाची खोली, बैठकीची रुंदी ही मापे दिलेलीच नसतात. उंची सर्वांना एकच लांबलचक देतात आणि दुकानाशेजारचा शिंपी खालून चार इंच कापतो. खालून कापल्याने विजार आखूड होते, पण तिचा गुडघा वर सरकत नाही. बुटक्या माणसाच्या जीन्सचा गुडघा त्याच्या नडगीवर येतो, आणि कारखान्यात गुडघ्यासाठी म्हणून पाडलेला फिका डागही नडगीवरच येऊन बसतो. भारतीय शरीरांची स्वतःची मापसारणी नाही म्हणून राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेने ‘इंडियासाइझ’ नावाची मोजणी हाती घेतली. सहा शहरांतील पंचवीस हजारांहून अधिक लोकांची मापे घेण्याचे तिचे उद्दिष्ट होते. इतके दिवस आपण इंग्रज-अमेरिकन सारण्यांत आपले देह कोंबत आलो आहोत, याची ही एक प्रकारे अधिकृत कबुलीच म्हणावी लागेल.

ही अडचण सोडवण्यासाठी उद्योगाने जो उपाय शोधला तो ताणणारा धागा. इलॅस्टेन, म्हणजे आपण ज्याला लायक्रा म्हणतो तो धागा, १९५८ मध्ये अमेरिकेतील ड्यूपाँट कंपनीत तयार झाला. डेनिममध्ये त्याचे प्रमाण शेकडा एक-दोन एवढेच असते, पण तेवढ्याने एकच विजार चार निराळ्या अंगांना बसल्यासारखी वाटते. आमच्या समजुतीप्रमाणे हा धागा म्हणजे शिंप्याला दिलेला नारळ होय. माप घेण्याची गरजच संपली. पण बसणे आणि बसल्यासारखे वाटणे यांत अंतर आहे. उष्णतेने, क्लोरिनच्या ब्लीचने आणि पुनःपुन्हा ताणल्याने हा धागा आपला लवचीकपणा गमावतो. गुडघ्याला फुगे येतात, बैठक सैल पडते, आणि सुताचे कापड धड असूनही विजार टाकाऊ दिसू लागते. रफू किंवा ठिगळ यांचा येथे उपयोग नाही, कारण काही फाटलेलेच नसते. मराठीत या अवस्थेला सर्वमान्य क्रियापद नाही, यात नवल नाही. आपल्या आजीने असे कापड पाहिलेच नव्हते.

स्त्रियांच्या वाट्याला या व्यवहारातले सर्वांत वाईट माप आले आहे. स्त्रियांची जीन्स बहुधा पुरुषांच्या जीन्सहून पातळ आणि अधिक ताणणाऱ्या कापडाची असते, आणि तिचे खिसे नावापुरते असतात. ‘द पुडिंग’ या अमेरिकन संकेतस्थळाने २०१८ मध्ये वीस ब्रँडच्या जीन्सचे खिसे मोजले, तेव्हा स्त्रियांचे पुढचे खिसे पुरुषांच्या खिशांहून सरासरी ४८ टक्के कमी खोल आणि साडेसहा टक्के अरुंद भरले. जी स्त्री लोकल पकडते, पाळीवर उभी राहते, दुचाकीवरून मुलाला शाळेत सोडते, तिच्यासाठी जीन्स हा कामाचा कपडा आहे ही गोष्ट उद्योगाने मान्यच केलेली नाही. तिच्या जीन्सवर शालीनतेच्या अंगाने आक्षेप घेणारे आणि ती पातळ, बिनखिशाची शिवणारे, या दोघांच्याही लेखी ती जीन्स दिसण्याची वस्तू आहे, वापरण्याची नव्हे. या एका बाबतीत संस्कृतिरक्षक आणि फॅशनवाले यांचे मत पूर्णपणे जुळते.

याला पर्याय होता, आणि तो आपल्याच देशात होता. अहमदाबादच्या अरविंद मिल्सने १९९५ मध्ये ‘रफ अँड टफ’ या नावाने न शिवलेल्या जीन्सचा संच बाजारात आणला. डेनिमचे बेतलेले कापड, चेन, बटण, रिव्हेट आणि मागे लावायचा बिल्ला एवढे सामान एका पाकिटात, किंमत दोनशे रुपयांच्या आत, आणि शिलाई गावातल्या शिंप्याकडे. हजारो शिंप्यांपर्यंत हा संच पोचला. आज व्यवस्थापनशास्त्राच्या पुस्तकांत याचा उल्लेख गरीब ग्राहकांची बाजारपेठ काबीज करण्याची युक्ती म्हणून होतो. आम्हांला त्यात दुसरेच काही दिसते. रीनोच्या शिंप्याने जे केले तेच येथे तालुक्याच्या बाजारपेठेत पुन्हा घडत होते: कापड कारखान्याचे, माप स्वतःचे, आणि शिवणारा माणूस ओळखीचा. विजार आसनात विरली तर तिला आतून तुकडा कोठे लावायचा हे ती शिवणाऱ्यालाच ठाऊक. पुढे तयार कपड्यांच्या लाटेत ही रीत ओसरली. तिची जागा ज्या स्वस्त तयार जीन्सने घेतली तिला मालक आहे, दुकान आहे, जाहिरात आहे. पण ती बिघडली तर जबाबदार कोण याचे उत्तर नाही.

येथे काही आक्षेप संभवतात, आणि ते रास्त आहेत. पहिला हवामानाचा. चौदा औंसांची जीन्स जुलैच्या मुंबईत दोन दिवस वाळत नाही, आणि मे महिन्यात नागपुरात ती अंगावर वागवणे ही शिक्षा आहे. हे आम्ही मान्य करतो. वीस-वीस औंसांच्या ताठ डेनिमचे जे भक्त आहेत त्यांचा धर्म थंड प्रदेशातला आहे. विजारीच्या आतल्या कडेला दिसणाऱ्या विणलेल्या काठाचे, ज्याला ते सेल्व्हेज म्हणतात त्याचे, त्यांना मोठे अप्रूप. जुन्या धोट्याच्या मागांवर विणलेल्या कापडाला असा काठ असतो. अमेरिकेत असे कापड विणणारी ग्रीन्सबरो येथील १९०५ सालची व्हाइट ओक गिरणी २०१७ अखेर बंद पडली तेव्हा त्यांनी सुतक पाळले. आम्हांला त्यांच्या दुःखाविषयी सहानुभूती आहे, पण काठ म्हणजे टिकाऊपणा नव्हे. काठामुळे कडेचे दोरे निघत नाहीत, एवढेच. आसनातल्या कापडाचे आयुष्य त्याने एका दिवसानेही वाढत नाही. पैठणीच्या काठावरून तिच्या पोताची परीक्षा कोणी करीत नाही. आपल्या हवेसाठी अकरा ते साडेबारा औंसांचे, निव्वळ सुती किंवा फार तर शेकडा एक इलॅस्टेन असलेले, न झिजवलेले कापड हा आम्हांला समंजस मध्य वाटतो.

दुसरा आक्षेप किमतीचा आहे आणि तो अधिक गंभीर आहे. स्वस्त जीन्सने कष्टकऱ्यांच्या अंगावर बरा कपडा आणला, तेव्हा तिला नावे ठेवणे हे पोट भरलेल्यांचे काम, असे कोणी म्हणेल. हिशेब करून पाहू. समजा सातशे रुपयांची जीन्स आठ महिने टिकली आणि अडीच हजारांची चार वर्षे. पहिलीचा खर्च महिन्याला सुमारे सत्याऐंशी रुपये, दुसरीचा बावन्न. म्हणजे जो कमी कमावतो तोच कपड्यावर अधिक खर्च करतो, कारण त्याच्या हाती एकरकमी अडीच हजार कधी येत नाहीत. ‘स्वस्त ते महाग’ ही म्हण शहाणपणाची आहे, पण ती ऐकवायची कोणाला? ज्याला निवड आहे त्यालाच. म्हणून हा प्रश्न वैयक्तिक शहाणपणाचा राहत नाही. स्वस्त कपडाही प्रामाणिक असावा, निदान त्याचा कस लपवलेला नसावा, ही सार्वजनिक मागणी होते. यात पाण्याचाही हिशेब आहे. लेव्हायजने २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार ५०१ जातीच्या एका जीन्समागे कापसाच्या शेतापासून ती टाकून देईपर्यंत ३,७८१ लिटर पाणी लागते, आणि त्यातला मोठा वाटा कापसाचा. ज्या राज्यात कापूस कोरडवाहू जमिनीत आभाळाकडे पाहून पिकतो, तेथे आठ महिन्यांत चिंध्या होणारी विजार ही उधळपट्टी आहे.

टिकवण्याची काही जबाबदारी वापरणाऱ्यावरही येते. जीन्स धुऊच नये, असा उपदेश पाश्चात्त्य शौकीन करतात. तो आपल्याकडे निरुपयोगी आहे. घाम, धूळ आणि दमट हवा यांनी सूत कुजते, आणि धुळीचे कण धाग्यांत बसून त्यांना आतून घासत राहतात. धुवावी, पण उलटी करून, थंड पाण्यात, आणि सावलीत वाळवावी. आपल्याकडे विजारीच्या गुडघ्यांना आणि पायांच्या कडांना प्लॅस्टिकच्या टणक ब्रशने घासण्याची व धोक्याने बडवण्याची जी रीत आहे, ती मात्र सोडावी. वर्षभर चालून जितके सूत झिजत नाही तितके या ब्रशाने झिजते असे म्हटले तर अतिशयोक्ती फार थोडी होईल. आसनात कापड उजेडासमोर धरून पाहावे. प्रकाश झिरपू लागला की आतून जुन्या जीन्सचाच तुकडा लावून घ्यावा. भोक पडल्यावर लावलेले ठिगळ दिसते; विरताना लावलेले अस्तर दिसत नाही आणि दुप्पट टिकते.

आणि विकत घेताना? आरशासमोर उभे राहून निर्णय घेऊ नये. खाली बसावे, मांडी घालावी, एक पायरी उंच चढल्यासारखा पाय उचलावा. आसन खेचते का, मागून कंबर उघडी पडते का, ते पाहावे. कंबर थोडी सैल असेल तर शिंपी ती घेऊ शकतो. मांडी घट्ट असेल तर कोणीही काही करू शकत नाही. म्हणून मांडीला आणि बैठकीला नीट बसणारी घ्यावी आणि कंबर मागाहून बेतून घ्यावी. गडद आणि कोरी घ्यावी. आणि शक्य असेल तर कापड घेऊन शिंप्याकडे जावे. जीन्स शिवू शकणारे, जाड कापडाला पुरेल असे यंत्र बाळगणारे शिंपी अजून अनेक गावांत आहेत. पण ते किती दिवस राहतील हे आपण त्यांच्याकडे किती वेळा जातो यावर ठरणार आहे.

आमची मागणी मोठी नाही. कापडाचे वजन, मांडीचा घेर आणि आसनाची खोली या तीन संख्या प्रत्येक विजारीवर छापाव्यात. त्यासाठी नवे संशोधन नको, शाईचे तीन ठिपके पुरेत. कारखान्याला या संख्या आधीच ठाऊक असतात. फ्रान्सने नोव्हेंबर २०२३ पासून कपडे आणि पादत्राणे दुरुस्त करून घेणाऱ्या ग्राहकाला बिलात सूट देण्याची योजना सुरू केली. ज्या देशाच्या शहराने डेनिमला नाव दिले, तो देश आज शिंप्याला आणि चांभाराला गिऱ्हाईक मिळावे म्हणून पैसे खर्च करतो आहे. आपल्याकडे दुरुस्तीची ही व्यवस्था अजून फुकट, पदपथावर, एका पायमशीनच्या रूपाने शिल्लक आहे. तिला पदपथावरून उठवणारे अधिकारी आहेत. तिची गणती उद्योगात करणारे धोरण नाही.

ऑक्टोबर २०२२ मध्ये न्यू मेक्सिको राज्यात एका लिलावात १८८०च्या दशकातली एक लेव्हायज जीन्स शहात्तर हजार डॉलरांना विकली गेली. ती एका जुन्या सोडून दिलेल्या खाणीत सापडली होती. मेणबत्तीच्या मेणाचे डाग अंगावर घेऊन ती विजार घालणाऱ्याच्या मागे शंभरावर वर्षे टिकली. तिच्या खिशाच्या आतल्या कापडावर ती केवळ गोऱ्या मजुरांनी बनवली असल्याची जाहिरात छापलेली होती. चिनी मजुरांविरुद्ध कायदा झाला त्या काळचा तो कलंकही कापडाबरोबर टिकून राहिला. टिकाऊ वस्तू अशी असते. ती आपल्या काळाची साक्ष द्यायला मागे उरते, आणि ती साक्ष सोयीची असेलच असे नाही. आपल्या काळाची जीन्स मागे उरणारच नसेल, तर आपण कोणाची फुफ्फुसे आणि कोणत्या नद्या तिच्यापायी खर्ची घातल्या याची साक्ष तरी कोण देणार? टिकणाऱ्या वस्तूची मागणी करणे म्हणजे काही प्रमाणात ही साक्ष मागणेही आहे. ती मागण्याची सुरुवात विजार उलटी करून तिची शिवण पाहण्यापासून होऊ शकते.